टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमधील डॉग रन

न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागातील टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क या सार्वजनिक उद्यानात कुत्र्यांना पट्टा सोडून मोकळे धावू देण्यासाठी कुंपण घालून राखलेली जागा. 1990 मध्ये सुरू झालेली ही डॉग रन शहरातली पहिली अधिकृत डॉग रन मानली जाते. उद्यान सुमारे 10.5 एकरांचे आहे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले डॅनियल टॉम्पकिन्स यांचे नाव त्याला दिलेले आहे. भारतीय वाचकांपैकी काहींनी या उद्यानाविषयी वेगळ्याच संदर्भात ऐकलेले असेल : 1966 च्या ऑक्टोबरात ‘इस्कॉन’चे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद यांनी अनुयायांसह इथल्या एका एल्म वृक्षाखाली कीर्तन केले होते आणि तो वृक्ष आजही ‘हरे कृष्ण वृक्ष’ म्हणून ओळखला जातो.

मोकळ्या धावण्यासाठी वेगळी जागा राखावी लागते, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला चटकन पटणार नाही. आपल्या गल्लीत कुत्रे मोकळेच असतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून मात्र मोकळा कुत्रा कधीचाच नाहीसा झाला आहे आणि त्यामागचा इतिहास क्रूर आहे. एकोणिसाव्या शतकात पकडलेली भटकी कुत्री लोखंडी पिंजऱ्यात कोंडून ईस्ट रिव्हर नदीत बुडवली जात. 1894 मध्ये हे काम प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्थेकडे सोपवले गेल्यावर ती पद्धत थांबली. आज सार्वजनिक जागी कुत्र्याला सहा फुटांपर्यंतच्या पट्ट्यानेच न्यावे लागते. सहा फुटांच्या पट्ट्याला कुत्रा चालू शकतो, पण पूर्ण वेगाने धावू शकत नाही, दुसऱ्या कुत्र्याभोवती गिरकी घेऊ शकत नाही, नको असलेल्या सोबत्यापासून लांबही जाऊ शकत नाही. सदनिकेत वाढलेल्या कुत्र्याचे सगळे आयुष्य असे जाऊ नये, एवढीच या जागेमागची मूळ मागणी होती.

ती मान्य होण्याआधी कुत्रे पाळणाऱ्यांना शहराचा विश्वास मिळवावा लागला. 1 ऑगस्ट 1978 पासून न्यूयॉर्कमध्ये आपल्या कुत्र्याची विष्ठा उचलणे कायद्याने बंधनकारक झाले. तेव्हा अनेकांना हा कायदा अव्यवहार्य वाटला होता, पण लोकांनी तो अंगवळणी पाडून घेतला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात ओलोनी डॉग पार्क सुरू झाले. कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी राखलेले अमेरिकेतले पहिले उद्यान म्हणून सहसा त्याचेच नाव घेतले जाते. टॉम्पकिन्स स्क्वेअरची डॉग रन आली तो काळ मात्र या उद्यानासाठी अशांत होता. बेघरांची वस्ती आणि रात्रीची प्रवेशबंदी यांवरून ऑगस्ट 1988 मध्ये इथे पोलिस आणि नागरिक यांच्यात मोठी चकमक झाली होती, आणि 1991 मध्ये उद्यान नूतनीकरणासाठी वर्षभर बंद ठेवले गेले. 2008 च्या सुमारास डॉग रनचेही नूतनीकरण झाले. कुत्र्यांना डुंबायला छोटे हौद आणि अंग धुवायची जागा आली. लहान चणीच्या कुत्र्यांसाठी वेगळा भागही इथे राखलेला आहे. देखभालीचा बराचसा भार इथे नियमित येणारे लोक वर्गणी आणि श्रमदानातून उचलतात. ऑक्टोबरअखेर येणाऱ्या हॅलोविन सणाच्या सुमारास होणारी वेषभूषा केलेल्या कुत्र्यांची मिरवणूकही याच डॉग रनच्या मदतीसाठी सुरू झाली.

डॉग रनला भेट देण्याची रीत फाटकापासूनच सुरू होते. फाटक दुहेरी असते. पहिले दार उघडून आत यायचे, ते नीट लावायचे, मधल्या छोट्या चौकात कुत्र्याचा पट्टा काढायचा आणि मगच दुसरे दार उघडायचे. एका वेळी एकच दार उघडे राहिल्यामुळे आतला कुत्रा रस्त्यावर पळू शकत नाही. पट्टा आत गेल्यावर काढण्याची चूक नवखे लोक हमखास करतात. बांधलेल्या कुत्र्याभोवती पाच-सहा मोकळे कुत्रे जमतात, त्याला मागे सरता येत नाही, आणि घाबरलेला कुत्रा चावण्याची शक्यता वाढते. टोचणारे किंवा आवळणारे गळपट्टेही आधीच काढावेत, कारण खेळताना दुसऱ्याचा दात किंवा पाय त्यात अडकतो. रेबीजची लस आणि शहराचा परवाना आवश्यक असतो. माजावर आलेली मादी आणि लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये. खाऊ आणि आवडते खेळणे घरीच ठेवलेले बरे, कारण आतल्या पुष्कळ भांडणांचे मूळ त्यांतच असते.

खरे काम यानंतरचे आहे आणि ते माणसाचे आहे. कुंपणामुळे कुत्रा रस्त्यावर जात नाही, इतकेच. आतला खेळ सुरक्षित राहतो तो पाहणाऱ्या डोळ्यांमुळे. खेळायला आलेला कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवतो. हे खेळाचे आमंत्रण आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी दाखवून दिले की हा वाकण्याचा संकेत फक्त सुरुवातीलाच येत नाही. चावून डोके झटकण्यासारख्या, गैरसमज होऊ शकेल अशा कृतीच्या आधी किंवा नंतरही कुत्रे तो देतात, जणू ‘हे अजून खेळातलेच आहे’ असे सांगतात. निरोगी खेळात अंग सैल असते, तोंड उघडे असते आणि पाठलागात पाळी बदलत राहते. गुरगुरणे ऐकून लगेच धावून जायची गरज नसते, खेळातही कुत्रे भरपूर गुरगुरतात. काळजी करावी ती शांततेची : अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर एका जागी खिळलेली, मानेवरचे केस उभे. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूतही सोडून द्यावी. उंच धरलेली, ताठ, भरभर हलणारी शेपूट तणावाचीही खूण असते.

शंका आली तर एक साधी परीक्षा आहे. वरचढ वाटणाऱ्या कुत्र्याला क्षणभर धरून बाजूला घ्यावे आणि दुसरा काय करतो ते पाहावे. तो परत जवळ आला, तर खेळ दोघांनाही हवा आहे. तो बाकाखाली शिरला, तर खेळ संपला. एकाच कुत्र्यामागे तिघे-चौघे लागले, की तो पाठलाग आनंदाचा राहत नाही आणि तो तिथेच थांबवावा. या सगळ्यासाठी मालकाने उभे राहून, फिरत राहून लक्ष द्यावे लागते. फोनमध्ये मान घालून बसलेला माणूस हा डॉग रनमधला सर्वांत मोठा धोका आहे, असे म्हणणे मुळीच जादा होणार नाही. कुत्र्याला अधूनमधून जवळ बोलावून, कुरवाळून पुन्हा सोडावे. नुसते निघतानाच बोलावले, तर हाक म्हणजे खेळाचा शेवट हे तो लवकर शिकतो आणि येईनासा होतो.

अनेक कुत्रे एकत्र येतात तिथे आजारही येतात. केनेल कफ हा श्वसनमार्गाचा आजार खोकल्यातून, तर जिआर्डियासारखे परजीवी विष्ठेतून आणि दूषित पाण्यातून पसरतात. न्यूयॉर्कमध्ये उंदरांच्या मूत्रातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती खरी आहे. मुंबईच्या पावसाळ्याने हा आजार आपल्यालाही चांगलाच ओळखीचा करून दिला आहे. म्हणून साचलेले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये, आपले भांडे आपण न्यावे आणि विष्ठा ताबडतोब उचलावी.

शहरातल्या प्रत्येक मोठ्या उद्यानात डॉग रन असतेच असे नाही. 843 एकरांच्या सेंट्रल पार्कमध्ये कुंपणाची एकही डॉग रन नाही. तिथे ठरावीक भागांत सकाळी 9 पर्यंत आणि रात्री 9 नंतर उद्यान बंद होईपर्यंत कुत्रे मोकळे सोडता येतात. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधल्या लाँग मेडोवरही अशीच वेळ पाळली जाते. पहाटे आणि रात्री, एरवी ओसाड असलेल्या उद्यानात कुत्रे घेऊन येणाऱ्यांमुळे वर्दळ राहते आणि जागा सुरक्षित होते, असे या सवलतीच्या समर्थकांचे म्हणणे होते. बरीच वर्षे ती अलिखितच होती. क्वीन्समधल्या एका नागरी संघटनेने ती बेकायदा ठरवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. ती टिकली, आणि 2007 मध्ये तिला उद्यान खात्याच्या नियमांत रीतसर स्थान मिळाले.

डॉग रन प्रत्येक कुत्र्यासाठी नसते, हेही सांगायला हवे. म्हातारे, सांधे दुखणारे, भित्रे किंवा अनोळखी कुत्र्यांना न सोसणारे कुत्रे तिथे सुखी होत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्यांना उद्यानाच्या शांत वाटेवर, हवे तितका वेळ हुंगू देत चालवावे. मालकाच्या हौसेसाठी त्यांना दुहेरी फाटकातून आत ओढू नये.