नेटवर्क ब्लॉक स्टोरेज : गती वाढवण्याचे उपाय

सर्व्हरच्या पेटीबाहेर, नेटवर्कच्या पलीकडे असलेली, पण ऑपरेटिंग सिस्टिमला घरच्या डिस्कसारखीच दिसणारी साठवण म्हणजे नेटवर्क ब्लॉक स्टोरेज. फाइल, फोल्डर या गोष्टी सर्व्हर स्वतः सांभाळतो. स्टोरेजला फक्त अमुक क्रमांकाचा ब्लॉक वाचायचा की लिहायचा, एवढेच कळते. फायबर चॅनेल, आयस्कझी आणि एनव्हीएमई (फ्लॅश डिस्कसाठी बनवलेली आज्ञापद्धत) ओव्हर फॅब्रिक्स हे तिचे प्रमुख मार्ग. आयस्कझीत स्कझीच्या, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या जुन्या प्रमाणित पद्धतीच्या, आज्ञा टीसीपी या नेहमीच्या नेटवर्क प्रोटोकॉलमधून पाठवल्या जातात. आयस्कझीचे मानक २००४ साली प्रसिद्ध झाले.

गतीची मोजणी तीन मापांत होते : दर सेकंदाला किती विनंत्या पुऱ्या झाल्या (आयओपीएस), किती डेटा वाहिला (थ्रूपुट) आणि एका विनंतीला किती वेळ लागला (लेटन्सी). खरेदी करताना पहिल्या दोन आकड्यांकडे लक्ष जाते. वापरणाऱ्याला मात्र बहुतेकदा तिसरा जाणवतो. तिन्हींचे नाते जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमातून निघते : एका वेळी चालू असलेल्या विनंत्यांना लेटन्सीने भागले की आयओपीएस मिळतात. समजा, एखादा डेटाबेस प्रत्येक व्यवहाराची नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढची लिहीत नाही आणि एका नोंदीला १ मिलिसेकंद लागतो. मग सेकंदाला १,००० नोंदींपलीकडे तो जाऊ शकत नाही. नोंद ४ केबीची धरली तर हे सेकंदाला जेमतेम ४ एमबी होतात. १० गिगाबिटच्या तारेची क्षमता सेकंदाला १,२५० एमबी आहे. म्हणजे तार जवळजवळ रिकामीच असते. ४ केबी त्या तारेवर चढायला सव्वातीन मायक्रोसेकंद पुरतात, म्हणून तिच्या जागी २५ गिगाबिटची तार टाकूनही फरक नगण्यच पडेल. उरलेला वेळ स्विच, दोन्हीकडचे सॉफ्टवेअर, कंट्रोलर आणि खुद्द डिस्क यांत जातो. सुधारणा तिथेच शोधावी लागते.

त्यामुळे पहिले काम मोजण्याचे. लिनक्सवर आयओस्टॅट ही आज्ञा वाचन आणि लेखन यांची सरासरी प्रतीक्षा, तसेच रांगेची लांबी दाखवते. त्यातला ‘युटिलायझेशन’चा टक्का मात्र फसवा असतो : अनेक विनंत्या एकाच वेळी पेलणारे स्टोरेज १०० टक्के दिसत असूनही त्यात भरपूर जागा शिल्लक असू शकते. एफआयओ या वेग मोजणाऱ्या साधनाने चाचणी घेताना ‘डायरेक्ट’ पर्याय लावला नाही तर मोजमाप मेमरीतल्या कॅशचे होते. सरासरीबरोबर ९९ वा पर्सेंटाइलही (१०० पैकी ९९ विनंत्या जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो वेळ) पाहावा, कारण सरासरीत लपलेल्या मोजक्या संथ विनंत्याच लोकांना खटकतात.

क्यू डेप्थ, म्हणजे एका वेळी पाठवून ठेवता येणाऱ्या विनंत्यांची संख्या, वाढवली की समांतर काम करणाऱ्या प्रोग्रामला मोठा फायदा होतो. लिनक्सवरच्या ओपन-आयस्कझी या सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा मुळात प्रत्येक डिस्कमागे ३२ आणि प्रत्येक सेशनमागे (स्टोरेजशी उघडलेल्या जोडणीमागे) १२८ आज्ञांची असते. वर सांगितलेल्या, एकेक नोंद लिहिणाऱ्या डेटाबेसला मात्र ती वाढवून काहीच मिळत नाही. स्टोरेजची क्षमता संपल्यावरही रांग वाढवत नेली तर आयओपीएस तेवढेच राहतात आणि वाट पाहणे तेवढे वाढते.

सर्वांत जास्त चुका नेटवर्कच्या मांडणीत होतात. दोन पोर्ट बाँडिंगने, म्हणजे एकच पोर्ट असल्यासारखे, जोडले की वेग दुप्पट होईल, ही समजूत सर्रास आढळते. बाँडिंगच्या नेहमीच्या पद्धतीत एक टीसीपी जोडणी एकाच तारेवरून जाते, त्यामुळे एका आयस्कझी सेशनला दुसऱ्या तारेचा वेग मिळतच नाही. दोन पोर्ट दोन वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागांत) ठेवून, प्रत्येकावर स्वतंत्र सेशन उघडून वरती मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग एकत्र वापरणारी सोय) लावणे हा योग्य मार्ग. एक मार्ग तुटला तरी काम चालू राहते, हा त्याचा आणखी मोठा लाभ.

जम्बो फ्रेमचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या नेटवर्क पॅकेटांचा, लाभ सांगितला जातो त्यापेक्षा माफक आहे. फ्रेमचा आकार १,५०० वरून ९,००० बाइट केल्यास तारेवरच्या उपयुक्त डेटाचे प्रमाण सुमारे ९५ वरून ९९ टक्क्यांवर जाते. पॅकेटांची संख्या घटल्याने प्रोसेसरवरचा भारही हलका होतो. पण वाटेतला एक स्विच जरी १,५०० वर राहिला तरी विचित्र बिघाड होतो : लहान पॅकेट जात असल्याने लॉगिन यशस्वी होते, डिस्कही दिसते आणि पहिल्या मोठ्या वाचनाला सारे ठप्प होते. म्हणून तुकडे न करण्याची सूचना देऊन ८,९७२ बाइटचा पिंग दोन्ही दिशांनी पाठवून पाहावा. आयपी आणि आयसीएमपीचे २८ बाइट मिळून तो बरोबर ९,००० होतो.

सर्व्हरवरची काही कामे मिनिटांत होतात. विनंत्यांचा क्रम लावण्याचे काम स्टोरेज स्वतः चांगले करते, म्हणून लिनक्सचा आयओ शेड्यूलर ‘नन’ किंवा ‘एमक्यू-डेडलाइन’ ठेवावा. मोठ्या फाइली सलग वाचायच्या असतील तर मुळात १२८ केबी असलेले रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणे) वाढवावे. जुन्या पद्धतीने ६३ व्या सेक्टरपासून सुरू झालेल्या पार्टिशनमुळे एका ब्लॉकचे लेखन दोन ब्लॉकांवर पसरते; १ मेबीबाइटपासून सुरुवात केली की हा दोष राहत नाही.

एनव्हीएमईने रांगेची अडचण मुळातूनच सोडवली. साटा डिस्कसाठीच्या जुन्या एएचसीआय पद्धतीत ३२ आज्ञांची एकच रांग होती. एनव्हीएमईत ६५,५३५ पर्यंत रांगा ठेवता येतात आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळते. २०१८ मध्ये तिचे टीसीपीवरचे रूप मंजूर झाल्यापासून साध्या इथरनेटवरही हा लाभ घेता येतो.

क्लाउडमध्ये तारा आणि स्विच हाती नसतात, तिथे मर्यादा वाचणे हेच ट्यूनिंग. ॲमेझॉनच्या जीपी३ व्हॉल्यूमला (क्लाउडमधल्या एका प्रकारच्या डिस्कला) मुळात ३,००० आयओपीएस मिळतात, पण सर्व्हरच्या प्रकारालाही स्वतःची मर्यादा असते; तीच आधी लागत असेल तर महागडा व्हॉल्यूम घेऊन पैसे वाया जातात. स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून) बनवलेल्या व्हॉल्यूममधला प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागच्या साठ्यातून आणला जातो, म्हणून वापरात आणण्यापूर्वी तो एकदा पूर्ण वाचून घेणे हिताचे.

एक उपाय मात्र टाळावाच. फाइल प्रणालीचे बॅरिअर (डेटा ठरलेल्या क्रमाने डिस्कवर पक्का करवणारी सोय) बंद केले, किंवा बॅटरीचा आधार नसलेली राइट-बॅक कॅश (डेटा डिस्कवर जाण्याआधीच ‘लिहिले’ म्हणून कळवणारी मेमरी) चालू केली, की आकडे डोळे दिपवतील इतके वाढतात. पण वीज गेली की ‘लिहिले’ म्हणून कळवलेला डेटा डिस्कवर नसतो आणि डेटाबेसच्या नोंदी अर्ध्यावर तुटतात. बॅटरी किंवा फ्लॅश मेमरीने सुरक्षित केलेल्या कॅशमध्ये हा धोका नसतो, आणि एकेक नोंद लिहिणाऱ्या त्या डेटाबेसची लेटन्सी खऱ्या अर्थाने कमी करणारी हीच गोष्ट आहे.