लॅसिकची गोष्ट लेसरच्याही आधीपासूनची

चष्म्याचा नंबर घालवायचा म्हणजे लेसर, म्हणजेच लॅसिकचं ऑपरेशन, हे समीकरण आता पक्कं झालं आहे. पण पहिला लेसर पेटला १९६० साली, आणि कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलून नंबर काढता येईल हे नेत्रतज्ज्ञ होझे इग्नासिओ बाराकेर यांनी १९४९ मध्येच मांडलं होतं. लेसर आला तो एका जुन्या कल्पनेला चांगलं हत्यार म्हणून.

प्रकाश वळवण्याची डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात). त्यातली ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. मायनस नंबरवाल्याचा डोळा बहुधा जरा लांबट असतो, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. कॉर्निया मधोमध किंचित सपाट केला की ती मागे सरकून जागेवर येते. प्लस नंबरसाठी उलट, कडेकडेने तासून मधला उंचवटा वाढवायचा. सिलिंड्रिकल नंबर असेल तर एका दिशेला जास्त, दुसरीला कमी.

प्रश्न होता तो तासायचं कशाने. मूळचे बार्सिलोनाचे आणि पुढे कोलंबियात बोगोटाला स्थायिक झालेले बाराकेर कॉर्नियाची वरची चकती कापून काढायचे, ती गोठवायचे, लेथवर घासून तिला हवा तो आकार द्यायचे आणि पुन्हा डोळ्यावर बसवायचे. तत्त्व बिनचूक होतं, पण ते पेलणारे हात फारच थोडे.

दुसरी वाट सुरीची. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी कॉर्नियाला आतल्या बाजूने चिरा देऊन तो सपाट करून पाहिला. आतल्या पेशींचा थर कॉर्निया स्वच्छ ठेवतो आणि एकदा गेला की पुन्हा भरून येत नाही, हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. कित्येक रुग्णांचे कॉर्निया काही वर्षांनी पांढुरके पडले. सत्तरच्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी चिरा बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या द्यायला सुरुवात केली, आणि ही पद्धत अमेरिकेतही भलतीच चालली. तिथल्या दहा वर्षांच्या पाहणीत मात्र ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकलेला आढळला. चिरा दिलेला कॉर्निया कमजोर होतो आणि वर्षानुवर्षं हलत राहतो.

आता १९८१. न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्स इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे एक्सायमर लेसरवर काम करत होते. या लेसरचा प्रकाश अतिनील, १९३ नॅनोमीटरचा. प्लॅस्टिक तो स्वच्छ कोरतो हे दिसलं होतं. प्राण्याच्या ऊतीचं काय होईल? थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, श्रीनिवासन घरच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस घेऊन आले. अतिनील झोताने त्यात नेटकी खाच पडली. साध्या हिरव्या लेसरने पाडलेल्या खाचेच्या कडा मात्र जळून काळ्या झाल्या. अतिनील प्रकाशाचा प्रत्येक कण रेणूंमधले बंध थेट तोडण्याइतका जोरकस असतो. सुटलेले तुकडे उडून जातात आणि उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. एका झोतात साधारण पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर जातो. कोणत्याही सुरीला हे जमणार नव्हतं.

पुढची पावलं भराभर पडली. कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत १९८३ मध्ये कॉर्नियावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दशक संपेपर्यंत माणसांवर पीआरके सुरू झालं. त्यात कॉर्नियाची वरची साल काढून थेट लेसर मारतात. वेदना बऱ्याच, आणि नीट दिसायला दिवस लागतात. १९९०च्या सुमारास ग्रीसचे योआनिस पालिकारिस आणि इटलीचे लुचो बुरातो यांनी कॉर्नियाची वरची चकती कापायची बाराकेर यांची युक्ती आणि हा लेसर एकत्र आणला, फक्त चकती पूर्ण न काढता पापुद्र्यासारखी एका कडेला जोडलेली ठेवली. पापुद्रा उचलायचा, खाली लेसर मारायचा, पापुद्रा परत ठेवायचा. पालिकारिस यांनीच याला लॅसिक नाव दिलं.

सुरुवातीला पापुद्रा यांत्रिक पात्याने कापत. पुढे अतिशय क्षणिक झोत सोडणाऱ्या फेमटोसेकंद लेसरने पातं हटवलं. त्याच्यामागे आहे झेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांचं असे क्षणिक पण जोरकस झोत तयार करण्याचं १९८५चं तंत्र, ज्याला २०१८ चं नोबेल मिळालं. स्माइल नावाच्या नव्या पद्धतीत तर पापुद्राही नसतो. आतल्या आत एक पातळ चकती कोरतात आणि छोट्या चिरेतून ओढून काढतात.

एवढं होऊनही हिशेब बाराकेर यांच्या काळचाच आहे, जाडीचा. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एक डायॉप्टर उतरवायला सुमारे १२ मायक्रॉन खर्ची पडतात. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक ठेवायचे, हा रूढ संकेत. म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या ही औपचारिकता नव्हे. कोण नको, हे त्यांतूनच ठरतं. मुळात पातळ किंवा शंकूसारखा पुढे येऊ लागलेला कॉर्निया तासणं धोक्याचं. डोळे कोरडे पडण्याचा त्रास काहींना महिनोन्‌महिने होतो. आणि चाळिशी लागायची ती लागतेच, कारण ती आतल्या भिंगाच्या ताठरपणाची आहे, कॉर्नियाची नाही. नंबर मोठा आणि कॉर्निया पातळ असेल तर आता डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, आणखी एक भिंग बसवतात. त्यात कॉर्निया तासावा लागत नाही.