हंगाम-आखणी (ट्रायथलॉन)

हंगाम-आखणी : पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये न थांबता एकापाठोपाठ पुरे करण्याच्या स्पर्धेसाठी नवी उद्दिष्टे ठरवून त्यांच्या बेताने सरावाचे महिने व आठवडे बांधून घेण्याची पद्धत. ऑलिंपिक अंतर अनुक्रमे 1.5, 40 व 10 किमी. असून अर्ध-आयर्नमनचे (‘आयर्नमन’ या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या निम्मे) 1.9, 90 व 21.1 किमी. आहे. प्रस्तुत नोंदीत बडोद्यातील मराठी व्यायामपटूंचा व्यवहार प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

वर्षाचे टप्पे पाडण्याच्या कल्पनेचे जनकत्व सामान्यतः सोव्हिएट क्रीडाशास्त्रज्ञ लेव मात्वेयेव्ह यांना दिले जाते. त्यांची मांडणी 1960 च्या दशकाच्या मध्याची आहे. मात्र तयारीचा, स्पर्धेचा आणि विसाव्याचा काळ वेगळा ठेवण्याची चाल रशियन प्रशिक्षकांत त्याच्या बरीच आधीपासून होती. म्हणून मात्वेयेव्ह यांनी विखुरलेला व्यवहार सूत्रबद्ध केला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. वैद्यकीय संशोधक हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये मांडलेला ताण व अनुकूलन यांचा विचार या पद्धतीचा पाया म्हणून सांगितला जातो, पण तो आधार बहुधा मागाहून जोडला गेला असावा. न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड स्वतः धावून पाहत याच वाटेवर पोहोचले होते. आधी कित्येक आठवडे सावकाश लांब धावणे, मग चढ, शेवटी वेग, हा त्यांचा क्रम. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल (800 मी.) व मरे हॅलबर्ग (5,000 मी.) यांनी सुवर्णपदके मिळवल्यावर तो जगभर गेला. आजही ज्याला ‘बेस’ म्हणतात, तो मुख्यतः हाच.

बडोद्यात याखेरीज आणखी एक मत ऐकू येते. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तेथील व्यायामाचार्य प्रो. माणिकराव (1878–1954) यांच्या परंपरेत वाढलेली मंडळी या पद्धतीचे मूळ आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत शोधतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (साधारणपणे सहावे-सातवे शतक) व्यायाम अर्ध्या शक्तीने, आणि तोही शीतकालात व वसंतात करावा, इतर ऋतूंत मंदच ठेवावा, असे सांगितले आहे. अर्ध्या शक्तीची खूण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे : हृदयातील वायू तोंडाशी आला की बळ निम्मे सरले असे समजावे. तोंडाने श्वास घ्यावा लागेपर्यंतच जोर लावणे, असा याचा सरळ अर्थ. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येते का, ही आजच्या प्रशिक्षकांची कसोटी हिच्या फार जवळची आहे. साम्य खरे व मोलाचे आहे. मात्र ठरलेल्या तारखेला शरीर शिखरावर आणण्याची कल्पना या ग्रंथांत नाही, त्यामुळे उगमाचा दावा मान्य करणे कठीण. तीव्रतेचे माप म्हणून मात्र ही खूण प्रत्येक नवशिक्याने शिकून घ्यावी.

उद्दिष्टे तीन प्रतींची मानतात : निकालाची (क्रमांक), कामगिरीची (वेळ) आणि प्रक्रियेची (आठवड्याला इतके पोहणे, इतकी झोप). पहिले इतरांवर अवलंबून असते, म्हणून आखणी तिसऱ्यावर उभी करणे इष्ट. अर्ध-आयर्नमनला बहुधा साडेआठ तासांची मुदत असते. पहिल्या वर्षी तिच्या आत सुखरूप पोहोचणे हे पुरेसे, आणि मानाचेही, उद्दिष्ट होय.

युरोपीय तक्ते हिवाळ्यात बेस धरून उन्हाळ्यात शर्यत ठेवतात. बडोद्यात ते जसेच्या तसे उतरवून घेतल्यास नुकसान होते. येथे मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा लांब धावणे पहाटे उरकावे लागते आणि भर पोहण्यावर द्यावा लागतो. पावसाळ्यात सायकल घरातच ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर, लावतात. थंडी हा सर्वांत उदार काळ. हालोलच्या रस्त्याने पावागढापर्यंत, एका बाजूने सुमारे 50 किमी., जाऊन येणे ही येथील लांब सायकलीची नेहमीची वाट. त्यातही उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीचे व नंतरचे काही दिवस सायकल बंदच ठेवलेली बरी. तुटलेल्या पतंगाचा मांजा रस्त्यावर आडवा लोंबतो, उन्हात तो दिसतच नाही आणि वेगातल्या स्वाराचा गळा चिरतो. जाणे अटळ असेल तर गळ्याभोवती जाड मफलरचे दोन वेढे घेऊनच निघावे.

शर्यतीतले पोहणे बहुधा समुद्रात किंवा जलाशयात असते, पण अशा खुल्या पाण्याची सोय शहरात नाही. विश्वामित्रीत मगरींची वस्ती आहे. म्हणून जलतरण तलावाच्या पाण्यातच दर सहा-आठ हातांनी डोके उचलून समोर पाहण्याची सवय लावून घेतात.

सायकलीवरून उतरताच धावण्याच्या जोडसरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली दहा मिनिटे पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. शर्यतीपूर्वीच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणून वेग तसाच राखणे, म्हणजे ‘टेपर’, याविषयी अभ्यासकांत बऱ्यापैकी एकमत आहे.

गोव्यातील अर्ध-आयर्नमन 2019 पासून होऊ लागली. ती बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येत असल्याने बडोदेकराची कठीण सरावाची किंवा टेपरची वेळ नवरात्रात सापडते. मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून पहाटे पाचला तलावावर जाणारे अनेक आहेत, आणि आजारी पडणारेही त्यांतलेच. गरबा सोडावा असे सुचवणे बडोद्यात कोणाला पटणार नाही, ते योग्यही नव्हे. सरावाच्या वहीत त्या रात्रीपुढे गरब्याचे तास धावण्याच्या रकान्यात मांडावेत आणि दुसऱ्या दिवशीचे धावणे खोडावे.