सरकणं वेगळं, वळणं वेगळं

“विद्युत क्षेत्र लावलं की द्रावणातले आयन क्षेत्राच्या दिशेत ओळीने उभे राहतात.” हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं की आता खोडायचाही कंटाळा येतो. सोडियमचा आयन गोल. त्याला ना डोकं ना शेपूट. तो वळला तरी कळणार कसं?

इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे क्षेत्रात प्रभारित कणांचं सरकणं, तुम्हाला माहीत आहेच: निव्वळ प्रभारावर बल, पाण्याचा विरोध, ठरावीक वेग. मीटरला 100 व्होल्टच्या क्षेत्रात सोडियम आयन सेकंदाला जेमतेम 5 मायक्रोमीटर सरकतो. पुरे.

दिशा धरायला मात्र निव्वळ प्रभार लागतच नाही. एकसमान क्षेत्रात तो कणाला नुसता ओढतो. वळवतो तो द्विध्रुव, म्हणजे एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार. खरी गफलत इथे होते, कारण हा द्विध्रुव कायमचाच असणार असं गृहीत धरलं जातं. डीएनए किंवा तंबाखू मोझॅइक विषाणू (300 नॅनोमीटर लांब, 18 जाड) यांच्यात तो मुख्यतः प्रेरित, म्हणजे क्षेत्रामुळेच तयार झालेला असतो. भोवतीचा प्रतिआयनांचा (कणाच्या विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा) ढग कणाच्या लांबीवरून एका टोकाकडे झुकतो आणि कण क्षेत्राला समांतर होतो. क्षेत्र उलटवलं की ढग दुसऱ्या टोकाला जातो, कण होता तसाच राहतो. म्हणूनच काही किलोहर्ट्झच्या प्रत्यावर्ती क्षेत्रात सरकणं सरासरीत शून्य होतं, दिशा मात्र टिकते.

कण किती वळले हे द्विअपवर्तनावरून मोजतात, म्हणजे द्रावणात प्रकाशाचा वेग त्याच्या ध्रुवणाच्या दिशेनुसार किती बदलतो यावरून. द्विध्रुव कायमचा की प्रेरित, हे या मोजमापाच्या स्थिर झालेल्या संकेतावरून ठरवायला जाऊ नका. क्षीण क्षेत्रात द्विअपवर्तन दोन्ही प्रकारांत क्षेत्राच्या वर्गानेच वाढतं. त्याऐवजी मधेच ध्रुवता उलटवा. संकेतात खड्डा पडून तो पुन्हा वर आला, तर कायमच्या द्विध्रुवाचा संशय घ्या. सपाट राहिला, तर द्विध्रुव प्रेरित. अर्थात ढग आळशी असेल तर त्याचाही खड्डा दिसतो, तेव्हा वारंवारता बदलून पडताळा घ्याच.

मीठ कमी ठेवा, म्हणजे ढग जाड राहतो. 1 मिलिमोलरला ढगाची जाडी सुमारे 10 नॅनोमीटर असते, 100 मिलिमोलरला 1. शिवाय जास्त मिठाने प्रवाह वाढून द्रावण तापतं ते वेगळंच. या विषाणूचा संकेत क्षेत्र काढल्यावर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास ओसरतो, म्हणजे काही मिलिसेकंदांचा स्पंद भरपूर झाला. एकदिश क्षेत्र मिनिटभर चालू ठेवणाऱ्यांना इलेक्ट्रोडवर बुडबुडे दिसतात, काचेलगत पाणी वाहतं, आणि त्या वाहण्याने आडवे झालेले कण ते “क्षेत्राने वळवलेले” म्हणून नोंदवतात.