उणे दहा अंशांतून ऊब उपसताना

जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरला आणि चार्जिंग स्टेशनवर अडकलेल्या विजेच्या गाड्यांचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरले. ‘थंडीत ही गाडी म्हणजे नुसता डबा’ असा निकालही लागला. मग नॉर्वेचं काय करायचं? तिथे त्याच वर्षी विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या.

पेट्रोलच्या गाडीत हीटर फुकट पडतो, कारण इंजिन मुळात उधळं. इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यातली थोडी गरम पाण्यावाटे आत वळवली की झालं. विजेची मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी नव्वद टक्के तरी कामी लावते. ही काटकसर हिवाळ्यात अंगाशी येते, ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

सोपा मार्ग पीटीसी हीटरचा, म्हणजे विजेने थेट तापणाऱ्या चकत्यांचा. बेरियम टिटॅनेटच्या या सिरॅमिक चकत्या ठरावीक तापमानाच्या पुढे गेल्या की त्यांचा विद्युतरोध एकदम चढतो, त्यामुळे त्या स्वतःच स्वतःला आवरतात. पण एक युनिट वीज दिली की एकच युनिट उष्णता. बाहेर उणे दहा असताना केबिन ऊबदार ठेवायला साधारण तीन किलोवॉट लागतात असं धरू. ताशी ८० किलोमीटर वेगात हा खर्च किलोमीटरला ३७ वॉट-तास पडतो, ताशी २० च्या गर्दीत १५०, म्हणजे गाडी ओढायला लागते जवळपास तेवढीच वीज! हीटर किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. म्हणून रेंजला, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराला, खरा फटका शहरात बसतो.

इथे हीट पंप येतो. उणे दहाच्या हवेतही उष्णता असते, फक्त तिला वर चढवावं लागतं. हल्लीच्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ हा गॅस साध्या वातावरणीय दाबाला उणे २९ अंशांवर उकळतो. बाहेर शून्य अंश असताना गाडीच्या पुढच्या कॉइलमध्ये त्याचा दाब सुमारे २.२ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) ठेवला, तर तो उणे दहाला उकळतो. शून्याची हवा त्याच्यापेक्षा गरमच, त्यामुळे उकळायला लागणारी उष्णता तो तिच्याकडून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ सुमारे १६ बारपर्यंत दाबतो. आता तीच वाफ साठ अंशांच्या जवळपास द्रव होते आणि बाहेरून आणलेली उष्णता, शिवाय कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, सगळं केबिनच्या हवेला देते. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू. एका युनिटमागे दोन-अडीच युनिट ऊब मिळते. जाहिरातीत याला ‘२५० टक्के कार्यक्षमता’ म्हणतात, आणि मग ‘फुकट ऊर्जे’चे यंत्र विकणाऱ्यांना जोर चढतो. इथे उष्णता निर्माण होत नाही, हमाली होते.

हमालही थंडीत गारठतो. उकळबिंदू शून्यावरून उणे वीसवर नेला की वाफेची घनता निम्म्यावर येते. कॉम्प्रेसरच्या दर फेऱ्यात निम्माच गॅस, म्हणजे ऊब सर्वाधिक हवी तेव्हाच ती सर्वांत कमी. म्हणून अनेक गाड्यांत हीट पंपाच्या जोडीला पीटीसीही असतो. आणखी एक खोड: शून्य ते पाच अंशांच्या दमट हवेत कॉइलवर बर्फ साचतो आणि हवेची वाट बुजते. उणे पंधराच्या कोरड्या हवेत हा त्रास उलट कमी.

गॅरेजवाल्यांसाठी एक इशारा. बहुतेक विजेच्या गाड्यांतल्या उच्च व्होल्टेजवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला वीजरोधक पीओई तेल लागतं. साध्या एसीचं पीएजी तेल, अगदी गॅस भरायच्या नळीत उरलेलं थोडंसंही, आत गेलं तर इन्सुलेशनचा दोष दिसतो आणि गाडी सुरूच होत नाही.

चालवणाऱ्याने काय करावं? चार्जर जोडलेला असतानाच केबिन आणि बॅटरी तापवून घ्यावी. शिकागोत अनेकांची बॅटरी थंडगार होती, म्हणून ती हळू चार्ज होत होती आणि रांग वाढत होती. सीट हीटर शंभर वॉटच्या आतबाहेर घेतो. तो लावून हवेचं तापमान दोन अंश उतरवलं तरी चालतं. आतलीच हवा फिरवत ठेवली तर वीज वाचते, पण श्वासातल्या वाफेने काचा धुकटतात. डिसेंबरच्या पहाटे पुण्यातही हे होतं. तेव्हा हीटरसोबत एसीचं बटणही दाबावं: हवा आधी थंड कॉइलवर आपली ओल टाकते, मग तापून काचेवर येते.