कापलेल्या टोकाची अँटिबॉडी

पुण्याच्या गणेशखिंड-पाषाणच्या पट्ट्यात पेशींवर काम करणारी कुठलीही लॅब घ्या, तिच्या मायनस वीसच्या फ्रीझरमध्ये ‘क्लीव्ह्ड कॅस्पेज-३’ (म्हणजे कापलेलं कॅस्पेज-३) लिहिलेली इवलीशी ट्यूब बहुधा असतेच. न विचारता वापरली तर भांडण ठरलेलं. पेशी नुसती मेली नाही, ठरवून मेली, हे दाखवायला त्यातली अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रथिन, लागते.

अशा मरणाला ॲपॉप्टोसिस हे नाव मिळालं १९७२ मध्ये, केर, वायली आणि करी यांच्या निबंधात. शब्द सुचवला ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. अर्थ, पानं गळणं. आपल्याकडे पानगळ हा इतका नेटका शब्द असताना मराठीत ‘नियोजित पेशीमृत्यू’ असलं सरकारी वळणाचं काहीतरी वाचावं लागतं, ते सोडा.

मारतं कोण, हे मात्र मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीने सांगितलं. सी. एलिगन्सच्या वाढीत १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात. दर वेळी त्याच. रॉबर्ट हॉर्विट्झ या जीवशास्त्रज्ञांच्या लॅबमध्ये सेड-३ हे जनुक बिघडलेल्या कृमींत त्या मरेनात. १९९३ मध्ये कळलं, की या जनुकाचं प्रथिन माणसातल्या एका प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमसारखं आहे. पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातलं सीपीपी-३२ सापडलं. १९९६ मध्ये घराण्याला कॅस्पेज हे नाव मिळालं, तेव्हा त्याचं कॅस्पेज-३ झालं. कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

गोम अशी, की कॅस्पेज-३ धडधाकट पेशीतही असतं, ३२ किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं माप), निपचित पडलेलं. त्यामुळे ते सापडलं याला काडीचा अर्थ नाही. १७५ व्या जागच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लापाशी काप बसला, की १७ आणि १२ चे तुकडे पडतात आणि एन्झाइम जागं होतं. कापामुळे उघडं पडलेलं टोक अखंड प्रथिनात नसतं. म्हणून त्या टोकाचा छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) सशाला टोचायचा आणि मिळालेल्या अँटिबॉडींतून अखंड प्रथिनाला चिकटणाऱ्या वगळायच्या. उरते ती फक्त काप ओळखणारी.

मी शिकत होतो तेव्हा स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर औषध टाकून ब्लॉट लावले, म्हणजे पेशींतली प्रथिनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर घेतली आणि त्यावर अँटिबॉडी लावली. (सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, मिळवणं पुण्यात तसं सोपं, देशभर पेशी पुरवणारा एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचा संग्रह विद्यापीठाच्या आवारातच आहे.) पेशी डिशमध्ये सुटून तरंगत होत्या, मेम्ब्रेन मात्र १७ च्या जागी कोरी. तीनदा. ब्लॉकिंगची (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून लावायची) दूध पावडर ५ टक्क्यांवरून ३ वर आणली, अँटिबॉडी दुप्पट घातली, शेवटी नवी मागवली आणि सहा आठवडे तिची वाट पाहिली. तीही कोरी.

मग एका सीनियर ताईने विचारलं, “अरे, पेशी कुठल्या?” एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ च्या जनुकातल्या ४७ बेस (डीएनएची अक्षरं) गायब आहेत, त्यामुळे प्रथिन बनतच नाही. हे १९९८ मध्येच छापून आलं होतं. अँटिबॉडी बिचारी खरंच सांगत होती.

पुढच्या जेलला पहिल्या लेनमध्ये स्टॉरोस्पोरिन हे ॲपॉप्टोसिस घडवणारं रसायन दिलेल्या जुरकाट पेशी घेतल्या, त्यांच्यात कॅस्पेज-३ असतं. १७ ला ठसठशीत बँड (पट्टा) आला. शेजारच्या एमसीएफ-७ च्या लेनवर कॅस्पेज ज्याला कापतात त्या पार्प प्रथिनाची अँटिबॉडी लावली, तर ११६ चा बँड फिका आणि ८९ ला नवा. कात्री कॅस्पेज-३ च्या भावाने, म्हणजे कॅस्पेज-७ ने, चालवली होती.