अंगठा कुणाचा, संमती कुणाची?

जुलै 2009. खम्मम जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आता तेलंगणात आहे. तिथल्या 10 ते 14 वर्षांच्या मुलींना एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस टोचायला सुरुवात झाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो याच विषाणूमुळे. पुढे गुजरातेत वडोदऱ्यातही हाच प्रकल्प राबवला गेला. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि दोन्ही राज्य सरकारं यात सहभागी होती.

प्रकल्पाच्या काळात सात मुली दगावल्या. कुणी बुडून, कुणी सर्पदंशाने. एप्रिल 2010 मध्ये काम थांबवावं लागलं. नंतर चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण कागदपत्रं उघडल्यावर वेगळंच काही समोर आलं. खम्ममच्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. आईवडील लांब पाड्यावर. संसदीय समितीच्या 2013 च्या अहवालानुसार आंध्रातल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि 1,948 वर अंगठे. अंगठा उठवणं यात गैर काही नाही. ज्यांनी तो उठवला त्यांना कागद कुणी वाचून दाखवला, शंका विचारायला वेळ दिला का, हा खरा प्रश्न. आणि वॉर्डन म्हणजे मुलीचे आईबाप नव्हेत, एवढं तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

त्यानंतर नियम कडक झाले. 2013 पासून औषधचाचण्यांत संमती घेतानाचं चित्रीकरण सक्तीचं झालं, पुढे ते मोजक्या चाचण्यांपुरतं उरलं. 2019 मध्ये नवे नियम आले. पण घाईघाईत वाचलेला कागद आणि त्यावर हललेली मान, एवढंच कॅमेऱ्यात येतं. समजलं किती, हे त्यात दिसत नाही.

नीट समजावून सांगणं डॉक्टरांना शिकवावं लागतं. एमबीबीएसच्या 2019 च्या तुकडीपासून ‘एटकॉम’ हा भाग अभ्यासक्रमात आला: वृत्ती, नीती आणि संवाद. फार उशिरा, पण आला. अडचण अशी की वर्गात जे शिकायचं त्याच्या उलट वॉर्डात रोज दिसतं. ओपीडीत रांग लागलेली, पेशंटच्या हातात फॉर्म आणि “आजी, इथं सही करा” एवढंच बोलणं. विद्यार्थी पुस्तकापेक्षा हेच लवकर उचलतात.

एक साधी पद्धत आहे. सगळं सांगून झाल्यावर म्हणायचं, “मावशी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. आता तुमच्या शब्दांत सांगा बरं.” मावशी अडखळल्या तर पुन्हा, आणखी सोपं करून सांगायचं. परीक्षा डॉक्टरची, मावशींची नाही. पाच-दहा मिनिटं जास्त जातात. प्रात्यक्षिक परीक्षेत यालाही नाडी-रक्तदाबाइतकेच गुण हवेत, असं माझं ठाम मत आहे.

2023 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी एचपीव्ही लस बाजारात आली. लस चांगली आहे, मुलींनी ती घ्यायला हवी. पण एखादी आई दवाखान्यात विचारते, “हीच ना ती, मुली गेल्या होत्या ती?” तेव्हा तिला नुसतं “घाबरू नका” म्हणून चालत नाही. खम्ममची गोष्ट तिला पूर्ण सांगावी लागते. त्या मुली कशाने गेल्या तेही, आणि त्यांच्या कागदांवर सह्या कुणी केल्या होत्या तेही.